एवढ्या तपासण्या झाल्या, तरी आजाराला नाव का नाही?

वाचकांचे प्रश्न, छातीविकारतज्ज्ञांची उत्तरं

प्रश्न : डॉक्टर मॅडम, माझं वय ५३, कल्याणला राहते. घरी शिवणकाम करते, ब्लाउज आणि फॉल-पिको. दीड वर्षापासून कोरडा खोकला आहे आणि जिना चढताना दम लागतो. लिफ्ट बंद असली की चौथ्या मजल्यापर्यंत दोनदा बसावं लागतं. आधी खोकल्याची औषधं झाली. मग एक्स-रेत डाग दिसले म्हणून सहा महिने टीबीची औषधं घेतली. थुंकी दोनदा तपासली होती, तिच्यात काही सापडलं नव्हतं. औषधांनी फरक पडला नाही. नंतर मोठ्या डॉक्टरांकडे गेलो. तिथे दोनदा एचआरसीटी (फुप्फुसाचा बारकाईने काढलेला सीटी स्कॅन), फुंकायची तपासणी, गॅस आत घेऊन श्वास रोखायची तपासणी (ती मला जमली नाही), टूडी इको, सहा मिनिटं चालायची तपासणी, आणि रक्त किती वेळा घेतलं त्याची गणती नाही. ‘एएनए पॉझिटिव्ह’ आलं म्हणून संधिवाताच्या डॉक्टरांकडे पाठवलं, ते म्हणाले यात विशेष काही नाही. एचआरसीटीच्या वेळी आधी उताणं झोपवलं, मग पालथं झोपवून परत फोटो काढले. मशीन बिघडलं होतं का? आता म्हणतात दुर्बीण घालून फुप्फुस धुऊन ते पाणी तपासू, त्यातूनही कळलं नाही तर तुकडा काढू. मुलगा म्हणतो आता पुरे, नुसते पैसे उकळतात. मिस्टरांची रिक्षा आहे. फाइल इतकी जाड झाली की साडीच्या दुकानाच्या पिशवीत घालून न्यावी लागते, तरी डॉक्टर एवढंच म्हणतात की ‘आयएलडी आहे, प्रकार शोधतोय’. याची एकच नक्की तपासणी का नाही? याआधी मोठं आजारपण नाही, फक्त २०१६ मध्ये गर्भाशयाची पिशवी काढली. मे महिन्यात भावाकडे राजापूरला महिनाभर राहिले, तिथे खोकला निम्म्यावर आला होता. कोकणातली हवाच चांगली. इथे आले आणि आठवड्यात परत सुरू. मशीन खिडकीपाशी आहे, तिथे कबुतरांचा फार त्रास. सकाळी उठून आधी त्यांची घाण काढायची, मग कामाला बसायचं. काय करू?
— एक वाचक, कल्याण

उत्तर : ताई, तुमचं पत्र मी दोनदा वाचलं. पहिल्यांदा तुमच्यासाठी जीव कळवळला. दुसऱ्यांदा वाचताना शेवटच्या चार-पाच ओळींखाली पेन्सिलीने रेघ मारली. त्या ओळींकडे येते, पण आधी तुम्ही जे विचारलंत ते.

आयएलडी (इंटरस्टिशियल लंग डिसीज) हे एका आजाराचं नाव नाही. दोनशेहून जास्त आजारांचं ते आडनाव आहे. आपल्या फुप्फुसात हवेचे बारीक बारीक फुगे असतात. फुग्यातली हवा आणि शेजारच्या केशवाहिनीतलं रक्त यांच्यामध्ये अतिशय पातळ पडदा असतो, आणि त्यातूनच प्राणवायू रक्तात जातो. या सगळ्या आजारांत तो पडदा सुजतो, जाड होतो, काही जणांत पुढे त्यावर कायमचे व्रण पडतात. अडचण अशी की त्याला इजा कशानेही झाली तरी तो सुजणार आणि व्रण धरणार, याखेरीज त्याला फारसं काही करता येत नाही. तुमच्या इमारतीत एखाद्या भिंतीला ओल आली तर ती गच्चीतून झिरपते, वरच्यांच्या बाथरूममधून येते की भिंतीतला पाइप फुटलाय, हे नुसत्या डागाकडे बघून गवंड्याला सांगता येत नाही. तो वर जाऊन बघतो, नळ बंद करून बघतो, चार दिवस थांबतो. तुमचे डॉक्टर हेच करताहेत. आणि ‘प्रकार शोधतोय’ असं ते सरळ सांगतात, हे मला त्यांच्या बाजूचं वाटतं. घाईने चुकीचं नाव चिकटवलं की काय होतं ते तुम्ही सहा महिने गोळ्या खाऊन भोगलंय. आपल्याकडे टीबी इतका आहे की एक्स-रेत डाग दिसला की पहिला संशय त्याच्यावर जातो, आणि संशय चुकीचा नसतोही. पण जंतू सापडला नाही, तर थांबून आणखी शोधायला हवं होतं.

मशीन बिघडलं नव्हतं. उताणं झोपलं की पाठीकडचा फुप्फुसाचा भाग स्वतःच्याच वजनाने थोडा दबतो आणि फोटोत धुरकट दिसतो. आयएलडीची सुरुवात पुष्कळदा तिथेच, पाठीकडे आणि खाली होते. मग तो धुरकटपणा वजनाने आलाय की आजाराने? पालथं झोपवलं की दबलेला भाग मोकळा होतो. धुरकटपणा गेला तर तो वजनाचा, राहिला तर आजाराचा. ‘श्वास पूर्ण सोडा आणि तसंच थांबा’ असंही तुम्हाला सांगितलं असेल. त्या फोटोत हवा कुठे अडकून राहते ते दिसतं. फुप्फुसाचे काही तुकडे काळे, काही करडे, गोधडीच्या ठिगळांसारखे दिसले तर आमचे कान टवकारतात, कारण श्वासावाटे आत गेलेल्या कशाने तरी झालेल्या आजारात असं चित्र पुष्कळदा मिळतं. तुमच्या रिपोर्टात ‘मोझेक’ किंवा ‘एअर ट्रॅपिंग’ हे शब्द आहेत का ते बघा. आणि पुढच्या भेटीला फिल्मबरोबर सीडीही न्या. फिल्मवर निवडक फोटो असतात, सीडीवर सगळे.

फुंकायच्या तपासणीत फुप्फुसात हवा किती मावते ते कळतं. जी तुम्हाला जमली नाही त्या डीएलसीओ तपासणीत कार्बन मोनॉक्साइडचं अगदी थोडं प्रमाण असलेली हवा आत घेऊन १० सेकंद श्वास रोखायचा असतो. किती वायू रक्तात उतरला त्यावरून तो पडदा किती काम करतो ते समजतं. खोकल्याची ढास असताना १० सेकंद फार मोठे वाटतात, हे मी रोज बघते. पण ती तपासणी सोडू नका. आदल्या रात्री झोप झालेली असावी, सकाळची वेळ घ्यावी, आणि आत जाण्याआधी कोमट पाण्याचे दोन घोट प्यावेत. त्या सुमाराचं हिमोग्लोबिन सोबत असू द्या. रक्त कमी असलं की हा आकडा आपसूक खाली येतो आणि दोष फुप्फुसावर येतो.

सहा मिनिटं चालवतात ते बसल्या जागी लपलेली गोष्ट उघडी पाडायला. खुर्चीत बसून रक्तातला प्राणवायू ९६ टक्के दाखवणारं बोटाचं यंत्र चालल्यावर ८७ दाखवू शकतं. त्या दिवशी नखांना गडद नेलपॉलिश नको. इको करतात तो फुप्फुसाच्या आजाराचा ताण हृदयाच्या उजव्या बाजूवर येतोय का ते बघायला. शरीर स्वतःवरच उलटलंय का ते बघायच्या रक्ततपासणीला एएनए म्हणतात. ते थोडं पॉझिटिव्ह असणं धडधाकट माणसांतही आढळतं, म्हणून संधिवाताचे डॉक्टर तसं म्हणाले. पण थंड पाण्यात हात घातल्यावर बोटं पांढरी-निळी पडतात का, सकाळी सांधे आखडतात का, डोळे-तोंड कोरडं पडतं का, हे त्यांनी विचारलं नसेल तर तुम्ही आपणहून सांगा.

आता तुमच्या त्या ओळी.

नाशिकला प्रॅक्टिस सुरू करून मला फार वर्षं झाली नव्हती तेव्हाची गोष्ट. भुसावळचे, रेल्वेतून निवृत्त झालेले एक काका यायचे. खोकला, दम, पाठीला स्टेथोस्कोप लावला की चपलेचा वेल्क्रोचा पट्टा सोडताना होतो तसा चर्रर्र आवाज. मी सगळ्या तपासण्या केल्या. विडी-सिगारेट विचारली, रेल्वेत काय काम होतं ते विचारलं, गावाकडे शेती आहे का ते विचारलं. पावसाळ्यात ते बरे असायचे, उन्हाळ्यात पडायचे. माझ्या औषधांचा गुण येतोय आणि मध्येच जातोय अशी मी माझी समजूत घातली. तिसऱ्या वर्षी जुलैत ते आले तेव्हा मी लिहीत होते आणि काकू मागून सहज म्हणाल्या, “कूलर झाकून ठेवला ना मॅडम, की यांचा खोकला जातोच दरवर्षी.” माझं पेन थांबलं. पुढच्या भेटीला त्यांनी कूलरच्या गवताचा तुकडा प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधून आणला. काळा पडलेला, बोटाला बुळबुळीत लागणारा, पिशवी उघडताच खोलीभर कुजकट वास. तीन उन्हाळे तेच गवत, तेच टाकीतलं पाणी, आणि काकांची खाट बरोबर समोर. कूलर गेला, काकांचा दम पुष्कळ कमी झाला, पण तोवर जे व्रण पडून गेले होते ते गेले नाहीत. ते दोन उन्हाळे माझ्या हातून वाया गेले. मी त्यांना घराबद्दल काहीच विचारलं नव्हतं.

या आजाराला हायपरसेन्सिटिव्हिटी न्युमोनायटिस म्हणतात. बुरशी, पक्ष्यांच्या विष्ठेतली आणि पिसांवरच्या भुकटीतली प्रथिनं, ओलसर कडब्याची किंवा धान्याची धूळ, साखर कारखान्यात साठवलेल्या उसाच्या चिपाडाची धूळ, असं काहीतरी रोज थोडं थोडं आत जातं आणि काही माणसांचं शरीर त्याच्यावर चवताळून उठतं. हा जंतुसंसर्ग नाही, म्हणून अँटिबायोटिकने तो हटत नाही. एकाच घरात चार माणसं तीच हवा घेतात आणि आजारी एकच पडतं, त्यामुळे घरच्यांना ते पटतही नाही. भारतातल्या १९ शहरांतल्या २७ केंद्रांनी मिळून आयएलडीच्या १,०८४ रुग्णांची नोंद केली होती, ती २०१७ मध्ये प्रसिद्ध झाली. त्यात जवळजवळ निम्म्यांना हाच आजार निघाला, आणि त्यांतल्या जवळजवळ निम्म्यांच्या घरी एअर कूलर होता. पाश्चात्त्य देशांतल्या पुस्तकांत या आजाराचा नंबर बराच खाली असतो. आपल्याकडे तो पहिल्या पानावर आहे.

दादरच्या कबुतरखान्यावरून २०२५ मध्ये केवढा वाद पेटला ते तुम्ही पाहिलंच असेल. मला त्या भांडणात पडायचं नाही. मला तुमच्या खिडकीची काळजी आहे. मला तुम्ही दोन गोष्टी वेगवेगळ्या सांगितल्यात. राजापूरला खोकला कमी झाला, त्याचं श्रेय कोकणाच्या हवेला दिलंत, आणि कबुतरांचा त्रास सांगितलात तो घाणीचा म्हणून. त्या दोन्ही एकाखाली एक लिहून बघा. महिनाभर कबुतरांची घाण काढावी लागली नाही, खोकला निम्म्यावर आला. परत आलात, आठवड्यात सुरू. पत्रावरून निदान करणं चुकीचं आहे आणि मी ते करत नाही. तुमचा आजार दुसराच काही असू शकतो. पण ही गोष्ट तुमच्या डॉक्टरांना माहीत आहे का? तुमच्या पत्रात प्रत्येक तपासणी आहे, पण घरी काय काय आहे असं कुणी विचारल्याचा उल्लेख कुठेच नाही. ते मला फार लागलं. इटलीतल्या रामाझ्झिनी नावाच्या वैद्याने १७०० साली कारागिरांच्या आजारांवर ग्रंथ लिहिला. रोग्याला आणखी एक प्रश्न विचारा, तू काम काय करतोस, असं त्याने वैद्यांना बजावलं होतं. तीनशे वर्षं झाली, आणि बिनपैशाची हीच तपासणी आमच्याकडून राहून जाते. माझ्याकडूनही राहिली.

तेव्हा पुढच्या भेटीला पिशवी उघडण्याआधी हे सांगा. एका कागदावर लिहूनच न्या : कबुतरं किती वर्षं आहेत, घाण कोण काढतं, कोरडी झाडता की ओली, उशी-रजई पिसांची आहे का, घरात ओल किंवा बुरशी आहे का, कूलर आहे का, माहेरी चूल होती का, शिवायला येणाऱ्या कापडाची धूळ किती उडते, आणि कुठे राहिलात की बरं वाटतं. कागदासोबत खिडकीचा मोबाइलवर काढलेला फोटोही दाखवा. आणि २०१६ च्या ऑपरेशनआधी छातीचा एक्स-रे काढला असणार, तो माळ्यावर, कपाटाच्या मागे, कुठे सापडतो का बघा. तेव्हा फुप्फुस स्वच्छ होतं की नाही हे कळलं तर आजाराचं वय कळतं. ते काम आजचं कुठलंही महागडं यंत्र करू शकत नाही.

खिडकीचं काम मात्र भेटीची वाट न बघता करा. ते तुम्ही स्वतः करायचं नाही. मुलाला सांगा, तो तपासण्यांवर चिडलाय ना, त्याच्या रागाला हे काम द्या. त्याने एन-९५ मास्क लावावा, वाळलेल्या घाणीवर आधी पाणी शिंपडून ती भिजवावी, मग खरवडून पिशवीत बांधून टाकावी. कोरडा झाडू नको. त्या दिवशी तुम्ही घरात थांबू नका, मैत्रिणीकडे जा. पडदे धुवा, खिडकीला जाळी लावून घ्या, शिलाई मशीन आतल्या खोलीत हलवा. उजेड कमी पडेल, टेबल लॅम्प घ्या. आणि हे केल्यावर आठ दिवसांत चमत्कार होईल असं समजू नका. कबुतरं गेली तरी त्यांची धूळ घरात कित्येक महिने राहते.

दुर्बिणीचं. मी तुमच्या जागी असते तर केली असती. घशात कडू फवारा मारून घसा बधिर करतात, बारीक नळी आत जाते, मिठाचं निर्जंतुक पाणी फुप्फुसाच्या एका भागात सोडतात आणि परत ओढून घेतात. त्या रात्री थोडा ताप येऊ शकतो. त्या पाण्यात टीबीचा जंतू आहे की नाही याचा एकदाचा सोक्षमोक्ष लागेल, तुमच्या बाबतीत तेवढ्यासाठीही ती करण्यासारखी आहे. शिवाय पाण्यातल्या पांढऱ्या पेशी मोजतात. त्यांत लिम्फोसाइट नावाच्या पेशींचा वाटा ३० टक्क्यांच्या वर गेला तर संशयाचा काटा मी म्हणते त्या आजाराकडे झुकतो. कबुतरांच्या प्रथिनाविरुद्धची रक्ततपासणीही मिळते. पण ती पॉझिटिव्ह आली तर एवढंच कळतं की तुमच्या शरीराची कबुतरांशी ओळख आहे. आजार त्यानेच झालाय हे ती एकटी सांगत नाही.

तुकडा काढणं ही वेगळी पायरी आहे. त्यात फुप्फुसातून हवा गळण्याचा आणि रक्तस्रावाचा धोका असतो, म्हणून ती शेवटी. छातीचे डॉक्टर, एचआरसीटी वाचणारे रेडिओलॉजिस्ट, संधिवाताचे आणि पॅथॉलॉजीचे डॉक्टर असे एकत्र बसून तुमची फाइल बघतील का, हे त्याआधी विचारा. मोठ्या रुग्णालयांत आता ही पद्धत आहे. एचआरसीटीचं चित्र, घरातलं कारण आणि धुतलेलं पाणी या तिन्हींचा मेळ बसला तर तुकड्याची गरज पडत नाही, असं पुष्कळदा होतं.

मुलाला माझ्याकडून सांगा की त्याचा राग मला समजतो. रिक्षावर घर चालतं तिथे दुसऱ्या एचआरसीटीचं बिल काय असतं ते मी बाहेरच्या बाकावर बसलेल्या नातेवाइकांच्या चेहऱ्यावर वाचलंय. त्याने डॉक्टरांना प्रत्येक तपासणीआधी विचारावं : यातून नेमकं काय कळायचंय, आणि ते कळलं तर आईच्या औषधात काय बदलेल? काही बदलणार नसेल तर ती तपासणी थांबू शकते. ठरावीक महिन्यांनी फुंकायची तपासणी पुन्हा लागेल, कारण आजार पुढे सरकतोय का ते तिच्यातून कळतं. दर भेटीला एचआरसीटी लागत नाही. हा प्रश्न विचारला म्हणून चांगला डॉक्टर रागावत नाही.

प्रश्न : माझे वडील ६९ वर्षांचे आहेत. फुंकायची तपासणी तीन वेळा केली, तिन्ही वेळा रिपोर्टवर ‘प्रयत्न समाधानकारक नाही’ असा शेरा. तिथल्या ताई फार मोठ्याने ओरडतात. वडील आयुष्यभर शाळेत मुख्याध्यापक होते, त्यांना ते अपमानास्पद वाटलं. आता ते जायलाच तयार नाहीत. ही तपासणी इतकी महत्त्वाची आहे का?
— एक वाचक, सांगली

उत्तर : सरांना माझा नमस्कार सांगा, आणि त्या ताईंची बाजू घेऊ द्या.

ही एकच तपासणी अशी आहे जिच्यात यंत्र काहीच करत नाही, सगळं माणसालाच करावं लागतं. छाती काठोकाठ भरून श्वास घ्यायचा, नळी ओठांत घट्ट धरायची, आणि एकदम, जोरात, मध्ये न थांबता फुंकत राहायचं, निदान सहा सेकंद. तिसऱ्या सेकंदाला वाटतं आता काही उरलं नाही. पण उरलेलं असतं, आणि नेमकं तेच मोजायचं असतं. म्हणून त्या ‘अजून, अजून, अजून, सोडू नका’ करतात. दिवसाला वीस-पंचवीस जणांसाठी असं ओरडून संध्याकाळी त्यांचा आवाज बसलेला असतो. माझ्याकडच्या ताई घरी गेल्यावर तासभर कुणाशी बोलत नाहीत. तरीही, ओरडण्याआधी ‘मी आता जोरात बोलणार आहे, रागावून नाही’ एवढं सांगायला हवं होतं. ते राहिलं, आणि सरांना लागलं.

महत्त्वाची आहे का? हो. लंडनमध्ये १८४६ साली जॉन हचिन्सन नावाच्या डॉक्टरने पाण्यावर तरंगणाऱ्या पिंपात माणसांना फुंकायला लावलं आणि दोन हजारांहून अधिक लोकांचे श्वास मोजून ठेवले. यंत्रं बदलली, तत्त्व तेच आहे. सरांच्या आजारात उपचार लागू पडतोय की नाही ते याच आकड्यावरून कळणार. निदान तीन फुंका नीट व्हाव्या लागतात आणि त्यांतल्या सर्वांत चांगल्या दोन एकमेकींच्या जवळपास, म्हणजे १५० मिलिलिटरच्या आत, याव्या लागतात. शेरा त्याबद्दलचा आहे. तो सरांचा निकाल नाही.

जाताना पोटभर जेवून जाऊ नये. पट्टा सैल करावा. कवळी घट्ट बसत असेल तर ती तोंडातच ठेवावी, नाहीतर ओठांतून हवा निसटते. नुकतंच मोतिबिंदूचं ऑपरेशन किंवा हृदयविकाराचा झटका येऊन गेला असेल तर आधी सांगावं, तपासणी पुढे ढकलता येते. इनहेलर किती तास आधी बंद ठेवायचा ते डॉक्टरांना विचारावं. दोन फुंकांमध्ये चक्कर आल्यासारखं वाटलं तर थांबायचा हक्क आहे, तो मागून घ्यावा. आणि घरी आरशासमोर सरावाला सरांना माझा एक उपाय सांगा : हातभर अंतरावर कागदाची पट्टी धरायची आणि ती सहा अंक मोजेपर्यंत फडफडत ठेवायची. मुख्याध्यापकांनी गृहपाठ केला नाही असं होणार नाही.

प्रश्न : आईच्या (वय ६६) एचआरसीटीत ‘फायब्रोसिस’ लिहिलंय. इंटरनेटवर वाचलं तर तीन ते पाच वर्षं असा आकडा आला. आईला सांगितलेलं नाही. रिपोर्ट माझ्या ऑफिसच्या बॅगेत आहे. अजून रक्ताच्या, फुप्फुसाच्या तपासण्या व्हायच्या आहेत, त्या तिला न सांगता कशा करून घेऊ? तिला रक्तदाबाची गोळी आणि लघवीला वारंवार संसर्ग होतो म्हणून दोन वर्षांपासून रोज रात्री एक गोळी आहे, बाकी काही नाही.
— एक वाचक, पुणे

उत्तर : तो रिपोर्ट तुम्ही किती दिवस बॅगेत घेऊन फिरताय? त्याचं ओझं तुमच्या पत्रात दिसतंय.

आधी तो आकडा. तीन ते पाच वर्षं हा आकडा इडिओपॅथिक पल्मनरी फायब्रोसिस या एका विशिष्ट आजाराचा आहे, म्हणजे ज्यात कारण शोधूनही सापडत नाही त्याचा. तोही व्रणांचा वेग कमी करणारी पिरफेनिडोन आणि निंटेडॅनिब ही औषधं हाती नव्हती तेव्हाच्या रुग्णांवरून आलेला. आणि तो मधला आकडा आहे, निम्मी माणसं त्याहून जास्त जगली. ‘फायब्रोसिस’ या शब्दाचा अर्थ फक्त व्रण. ते संधिवाताने पडतात, धुळीने पडतात, औषधाने पडतात, आणि प्रत्येकाची पुढची वाट निराळी असते. आईंना यातलं काय आहे हे अजून कुणालाच माहीत नाही. व्हायच्या तपासण्या त्याच्यासाठीच आहेत.

त्या न सांगता होणार नाहीत. आईंची फसवणूक होईल हे तर आहेच, पण माहिती सगळी त्यांच्याकडे आहे. बोटं आखडतात का, लग्नाआधी कुठे काम केलं, दम आधी सुरू झाला की खोकला, हे तुम्हाला ठाऊक नाही. माझ्या अनुभवात, मुलं लपवतात तेव्हा आयांना आधीच कळलेलं असतं, त्या फक्त मुलाला त्रास नको म्हणून गप्प असतात. शब्द जड वाटत असेल तर एवढंच म्हणा : “तुझ्या फुप्फुसावर व्रण दिसलेत, ते कशाने झाले ते शोधायचंय, आणि त्यासाठी तुझी मदत लागेल.” हे सगळं खरं आहे, आणि यात एकही आकडा नाही.

रोज रात्रीच्या त्या गोळीचं नाव तुम्ही लिहिलेलं नाही. ते मला हवं आहे. लघवीच्या संसर्गासाठी दीर्घकाळ दिल्या जाणाऱ्या गोळ्यांमध्ये नायट्रोफ्युरँटॉइन असते, आणि ती महिनोन् महिने घेतल्यावर थोड्या रुग्णांत फुप्फुसांना इजा करते. तीच असेल तर छातीच्या आणि लघवीच्या, दोन्ही डॉक्टरांना याच आठवड्यात कळवा. तिच्या जागी दुसरं काय द्यायचं ते ते ठरवतील. स्वतःहून बंद करू नका, पण भेटीची तारीख दूर असेल तर ती येईपर्यंत थांबूही नका, फोन करा. जाताना गोळीचं पाकीट सोबत न्या. रिकामं असलं तरी चालेल, नाव वाचता आलं पाहिजे.